चित्राची मागची बाजू

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, शहापूरची. आयुष्यभर शाळेत ड्रॉईंग शिकवलं, गावात अजून ड्रॉईंगच्या बाई म्हणूनच ओळखतात, आणि रिटायर झाल्यापासून आमच्याकडच्या एका छोट्या गॅलरीत प्रदर्शनं लावायच्या कामात असते. सध्या तीन महिने लेकीकडं इथं अमेरिकेत आलेय. मंडळानं सांगितलं, काकू, तुम्ही गॅलरीबद्दल थोडं बोला, मी हो म्हटलं, पण नेमकं काय बोलायचं ते ठरलं मागच्या शनिवारी. लेकीच्या मैत्रिणीकडं जेवायला गेलो होतो, ती मूळची खानापूरकडची, बोलता बोलता म्हणाली की गावचं घर विकायचं ठरलंय, डिसेंबरात जाऊन रिकामं करून येणार. मी विचारलं, भिंतींवर काय काय आहे गं? तर म्हणाली, काही नाही हो काकू, चार जुन्या फ्रेमा आहेत, रद्दीवाल्याला देऊन टाकू.

त्या चार फ्रेमांबद्दल मला आज बोलायचंय. तिला विचारूनच बोलतेय.

बेळगाव म्हटलं की लोकांना कुंदा आठवतो, मांडे आठवतात, नाहीतर सीमाप्रश्न आठवतो. चित्रांचं गाव म्हणून कुणी नाव घेत नाही आणि ते मला फार लागतं. के. बी. कुलकर्णी सरांनी आमच्याकडच्या कितीतरी पोरांना हातात ब्रश धरायला शिकवलं. रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९३५ साली बेळगावात जन्मलेला हा माणूस, मुंबईत इलस्ट्रेशनच्या जगात नाव काढलं, मध्ये काही वर्षं केनियात नैरोबीला काम केलं, पुढं पुण्यात राहिले, २०२२ मध्ये गेले. म्हणजे बघा, तुमच्या-माझ्या आधी आमच्या गल्लीबोळातलं चित्र परदेशात जाऊन आलेलं आहे. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाकडं केबी सरांच्या नावाची आर्ट गॅलरी आहे, गावी गेलात की तिकडं एक चक्कर टाकाच.

आमची गॅलरी त्याहून साधी. एक लांबट हॉल, अंगणाच्या बाजूला दोन खिडक्या, भिंतीवर वरून लोखंडी पट्टी आणि त्याला नायलॉनच्या दोऱ्या. वर्षाला सहा-सात प्रदर्शनं होतात, बहुतेक शुक्रवार ते रविवार, कारण आठवडाभर भाडं परवडत नाही कुणाला. शाळेच्या पोरांची होतात, नवीन पोरं कॉलेज संपवून येतात त्यांची होतात, एकदा खानापूरच्या मातीच्या भांड्यांचं केलं, तेव्हा गर्दी चांगली झाली कारण भांडं हातात घेऊन बघता येतं. पण मला विचाराल तर आजवर सगळ्यात मोठं काम झालं ते घरातल्या चित्रांचं.

आम्ही एवढंच सांगितलं होतं की तुमच्या घरात, माळ्यावर, कपाटामागं जे काही जुनं चित्र असेल ते तीन दिवसांसाठी आणून द्या, कुणी काढलंय माहीत नसलं तरी चालेल. मला वाटलं दहा-बारा येतील. साठावर आली! रिक्षातून आली, स्कूटरवर मध्ये धरून आली, एक आजी तर जुन्या शहापुरी साडीत गुंडाळून छातीशी धरून घेऊन आल्या, मी हात पुढं केला तर सोडेनात, म्हणाल्या, आधी कुठं लावणार ते दाखव की गं.

त्यांच्या साडीतून निघाली लक्ष्मी. राजा रविवर्म्यांच्या छापातली, म्हणजे त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तिथून जी चित्रं घराघरात गेली त्या प्रकारातली. आता छापील लक्ष्मी म्हणजे त्यात काय असं वाटेल, पण या लक्ष्मीच्या लुगड्यावर कुणीतरी खरी जर चिकटवली होती, काठाला टिकल्या, गळ्यात बारीक मणी, पायाशी कमळाच्या पाकळ्यांना गुलाबी रेशमी कापड. तसं करायची पद्धतच होती तेव्हा, बाया दुपारी बसून छापील देवाला साडी नेसवायच्या. जवळ जाऊन बघितलं तर डाव्या खांद्यावरची जर जरा वेगळी, जास्त पिवळी. आजी म्हणाल्या, ती माझी, मी लग्न होऊन आले तेव्हा तिथली जर सुटलेली, सासूबाईंनी मला लावायला दिली. म्हणजे एका चित्रावर दोघींचा हात, आणि रविवर्म्यांचा मिळून तिघांचा. आम्ही चिठ्ठीवर तसंच लिहिलं, सासूचं आणि सुनेचं दोघींचं नाव घातलं. आजी तिन्ही दिवस त्या चित्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला खांदा दाखवला.

चिठ्ठ्यांचं पण सांगते. प्रत्येक चित्राखाली दोन चिठ्ठ्या, एक कन्नडमध्ये एक मराठीत, सारख्या आकाराच्या, शेजारी शेजारी. त्यासाठी आम्ही तीन रात्री जागलो, कारण भरतकामाच्या टाक्यांची नावं, रंगांची नावं, हे एका भाषेतून दुसरीत जसंच्या तसं येत नाही, शेजारच्या कन्नड अक्कांना फोन करकरून विचारलं. पण त्याचं सार्थक झालं. एक आजोबा मराठी चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे, त्यांचा नातू कन्नड मीडियमला, तो कन्नड चिठ्ठी वाचायचा, आणि दोघं मिळून ठरवायचे की चित्रात नक्की काय आहे. आमच्याकडं घरं अशीच आहेत हो.

आता मागच्या बाजूचं. एक गृहस्थ वॉटरकलर घेऊन आले, किल्ल्याच्या खंदकाचं, पावसाळ्यातलं, हिरवट पाणी आणि वर भरलेलं आभाळ, इतकं सुंदर की मी दोन मिनिटं बोललेच नाही. सही नाही. कुणी काढलं माहीत नाही, वडिलांच्या खोलीत होतं म्हणाले. पण कडेनं सगळा कागद चहा सांडल्यासारखा तपकिरी पडलेला. मी विचारलं, मागून उघडू का? त्यांनी हो म्हटलं, मी खिळे काढले, हार्डबोर्ड सरकवला, आणि आत वर्तमानपत्र, सर्कशीची जाहिरात असलेलं, पिवळंधमक. फ्रेमवाल्यानं त्या काळी भर म्हणून घातलेलं. वर्तमानपत्राचा कागद ॲसिडचा असतो, तो स्वतः पिवळा पडतो आणि ज्याला टेकलाय त्याला पण पाडतो. आणि ते वर्तमानपत्र उचललं तर खाली, चित्राच्या पाठीवर, पेन्सिलनं बारीक अक्षरात दोन ओळी. आपल्या धाकट्या भावाला लग्नानिमित्त, आणि खाली नाव. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, परत लावला, आणि म्हणाले, हे आमच्या काकांचं अक्षर आहे, काका चित्र काढायचे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

इतकी वर्षं ते भिंतीवर होतं. सगळे समोरून बघत होते.

मी हे एवढं रंगवून सांगतेय कारण मी स्वतः हे घालवून बसलेय. मला ज्यांनी ड्रॉईंग शिकवलं ते सर गेले, मागं कुणी नव्हतं, पुतण्यांनी घर बिल्डरला दिलं. मला कळलं तेव्हा मी धावत गेले तर दारात फ्रेमांचं लाकूड वेगळं बांधून ठेवलेलं, काच वेगळी, आणि आतले कागद रद्दीत वजनावर गेलेले, आदल्या दिवशीच. सरांची बाजाराच्या दिवसाची स्केचेस होती त्यात, टांगे, भाजीवाल्या, गणपतीतल्या मिरवणुका. पुतण्यांचा दोष नाही हो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं, मी त्याच गावात होते.

म्हणून आता सांगत सुटते. घर रिकामं करायच्या आधी भिंतीवर असताना प्रत्येक चित्राचा फोटो काढा, म्हणजे कुठल्या खोलीत कशाशेजारी होतं ते कळतं. मग उतरवून मागच्या बाजूचा काढा. फ्रेमवाल्याचं लेबल असेल, तारीख असेल, कुणाचं नाव असेल. घरात जे वयानं मोठं आहे त्याला विचारा आणि जे सांगतील ते मऊ पेन्सिलनं मागं कडेला हलकं लिहा, बॉलपेन नको, त्याची शाई पुढं उमटते. सेलोटेप तर अजिबात नको, तिचा डिंक कागदात मुरतो आणि मग निघतच नाही. ओल्या फडक्यानं पुसू नका. आमच्याकडं जूनपासून पाऊस धरला की भिंती ओल धरतात, चित्राचा कागद काचेला चिकटतो, बुरशीचे ठिपके येतात, माझंच एक चित्र एका ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला टांगलेलं होतं ते दोन पावसाळ्यात काचेला चिकटून बसलं आणि काढताना आभाळ काचेवरच राहिलं. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी असली की हे होत नाही, तेवढा खर्च करा. कागद काचेला चिकटलेलाच असेल तर ओढू नका, तसंच ठेवा, जाणकाराला दाखवा.

एक गोष्ट राहिली. आमच्या भागातली पोरं शाळेच्या ट्रिपला म्हैसूरला जातात, जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघतात, खोली अंधारी करून ठेवलेली असते आणि त्या बाईच्या बोटांमधून उजेड येतो. खूप जणांना ते ऑईल वाटतं, रविवर्म्यांचंच आहे असं पण सांगतात. ते वॉटरकलर आहे, सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि दिवा धरलाय त्यांच्या लेकीनं, गीतानं. लग्नानंतर त्या कोल्हापुरात होत्या, २०१८ पर्यंत होत्या. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा पोरं एकदम गप्प व्हायची, कारण दिवा धरलेली बाई कुणाची तरी मुलगी निघाली. नाव कळलं की बघणं बदलतं, हे मी शिकवताना रोज बघितलंय.

गॅलरीला चित्र दिलंच पाहिजे असं नाही. ठेवा तुमच्याकडं, इथं आणा, मुलांच्या खोलीत लावा, मध्यबिंदू जमिनीपासून ५७ ते ६० इंचावर येईल असं, म्हणजे उभं राहून नीट दिसतं, आणि थेट ऊन नको. पण ठेवायला जागा नसेल तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी गावातल्या कुठल्याही गॅलरीला, वाचनालयाला, शाळेतल्या ड्रॉईंग टीचरला एक फोन करा. आम्ही रिक्षा घेऊन येतो. खरंच येतो.

खानापूरच्या त्या चार फ्रेमांचं काय झालं ते सांगते. लेकीच्या मैत्रिणीनं त्याच रात्री चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला, तो मोबाईल घेऊन भिंतीपाशी गेला. दोन कॅलेंडरची चित्रं निघाली, एक आजोबांचा हातानं रंगवलेला फोटो, आणि चौथं काचमण्यांचं, दोन मोर आणि मध्ये तुळशीवृंदावन, खाली कोपऱ्यात मण्यांचीच दोन अक्षरं. ती बघून तिला आठवलं की आजीचं माहेरचं नाव त्याच अक्षरांनी सुरू व्हायचं. आता ते डिसेंबरात इथं येतंय, हँडबॅगेतनं.

जेवण झाल्यावर मी त्या खिडकीजवळच्या टेबलापाशी बसते. मोबाईलमध्ये घरच्या कुठल्या चित्राचा फोटो असेल तर घेऊन या, मला बघायचंय. मागच्या बाजूचा नसेल तर तिकडं आत्ता सकाळ झालीय, आई-बाबा उठले असतील, इथूनच फोन लावू.