एक वाद्यवृंद, दोन सेट

नमस्कार, श्रोतेहो. हॉलिवूडच्या एका जुन्या प्रेमविनोदी बोलपटाबद्दल आज बोलायचं आहे. पॅरामाउंटचा ‘द लव्ह परेड’, साल १९२९. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, नायक मॉरिस शेव्हालिये, आणि सिल्व्हेनिया नावाच्या काल्पनिक राज्याची राणी झाली आहे जेनेट मॅकडोनाल्ड. तिचा हा पहिलाच चित्रपट आणि लुबिचचा पहिलाच बोलपट. तो नीट ऐकण्यासारखा आहे, म्हणून रेडिओवर त्याची गोष्ट शोभते.

सुरुवातीचं पॅरिसमधलं दृश्यच घ्या. बंद दाराआडून फ्रेंचमधलं भांडण ऐकू येतं. शेव्हालिये बाहेर येतो आणि थेट प्रेक्षकांना सांगतो, बाई भारीच मत्सरी आहे. ती पिस्तूल काढून स्वतःवर झाडते आणि कोसळते. तेवढ्यात तिचा नवरा येतो, तेच पिस्तूल शेव्हालियेवर झाडतो, पण याला काहीच होत नाही. काडतुसं पोकळ, आत गोळीच नाही! बाईही उठून बसते. मग नवऱ्याला तिचा पोशाख पाठीमागून लावायला जमत नाही, म्हणून ती प्रियकरासमोर पाठ करून उभी राहते. तो सराईतपणे लावून देतो. पिस्तूल जातं खणात, आणि खणात तशीच आणखी पिस्तुलं! फ्रेंचचा एक शब्द न कळता सगळी कथा कळते.

हे इतकं सहज दिसतं म्हणून त्या काळच्या अडचणी सांगायला हव्यात. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोन पकडायचा, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काच लावलेल्या बंद खोक्यात बसवत. खोकं हलवणं जिकिरीचं, त्यामुळे दृश्य जागच्या जागी थिजायचं. कार्बन आर्कचे दिवे गुणगुणत, त्यांच्या जागी टंगस्टनचे आले. मूकपटात वेग थोडा मागेपुढे झाला तर चालून जाई. बोलपटात मात्र वेग बदलला की सूरच चढतो किंवा उतरतो, म्हणून सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, मिनिटाला ९० फूट फिल्म हे गणित पक्कं झालं. बाहेरच्या आवाजाचा जाच आपल्याकडेही होता. १९३१ च्या ‘आलम आरा’च्या वेळी स्टुडिओजवळून रेल्वे जाई, म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण चाले.

खरी पंचाईत गाण्यांची. नट सेटवरच गात, आणि वाद्यवृंद कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून तिथेच वाजवी. आता समजा, एका जोडप्याचं गाणं चालू असताना मध्येच दुसरं जोडपं दाखवायचं आहे. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घेतली तर लय तंतोतंत जुळत नाही, आणि जोडावर कानाला ठेच लागते. जुना आवाज पुन्हा नव्याने मुद्रित करावा, तर तो मळतो, खरखर वाढते. 

लुबिचने काय केलं? दोन सेट उभारले, वाद्यवृंद दोन्हींच्या मध्ये, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर ठेवला आणि दोन्हीकडचं काम एकाच वेळी करून घेतलं. संगीत एकच, ठेका एकच. मग संकलनाच्या टेबलावर हवं तिथे कापा, इकडून तिकडे जा, लय मोडत नाही. एका बाजूला कुणी चुकलं तर दुसऱ्या बाजूचंही काम पुन्हा, हा धोका पत्करावाच लागला. माझ्या मते त्या वर्षातला बोलपटाचा सगळ्यात धाडसी उपाय हाच.

आणि जिथे आवाजाची गरज नाही, तिथे लुबिच आवाज सरळ सोडून देतो. राणी आणि नायकाचं पहिलं एकांतातलं जेवण आपण मंत्री, सख्या आणि नोकर यांच्या नजरेतून पाहतो. आतले शब्द ऐकू येत नाहीत, बाहेर उभे असलेलेच आत काय चाललंय ते एकमेकांना सांगतात. 

चित्रपट मिळाला तर पॅरिसच्या निरोपाच्या गाण्याला क्षणभर डोळे मिटा. आधी शेव्हालिये गातो, मग त्याचा नोकर, आणि शेवटी कुत्रा त्याच चालीवर भुंकतो.