पाच रुपये बारा आण्यांची उधारी

श्रोतेहो, नमस्कार.

नाना पेठेत आमच्या अण्णांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. दहा बाय बाराचा गाळा, पुढे पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि फळीवर एक रेडिओ. पाऊस लागला की गॅरेजात गर्दी व्हायची. प्लगमध्ये पाणी गेलेलं असायचं, किका मारून दमलेला माणूस स्कूटर ढकलत यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तेवढं बघा हो, ऑफिसला उशीर होतोय." अण्णा हातातलं काम बाजूला ठेवून बघायचे. गाडी सुरू झाली की त्यातले काही जण "उद्या देतो" म्हणत निघून जायचे. अण्णांची एक वही होती. वहीवर गणपतीचं चित्र आणि आत सगळी येणी.

आज ज्या सिनेमाबद्दल मला बोलायचंय, त्याची गोष्ट अशाच एका राहिलेल्या बिलापासून सुरू होते. 'चलती का नाम गाडी', साल १९५८, दिग्दर्शक सत्येन बोस. ब्रिजमोहन, जगमोहन आणि मनमोहन हे तिघे भाऊ गॅरेज चालवतात. थोरल्याला प्रेमात दगा झालाय म्हणून त्याचा समस्त बायकांवर राग, आणि धाकट्यांनीही बायकांशी बोलायचं नाही असा त्याचा हुकूम. एका पावसाळी रात्री धाकटा मनमोहन एकटाच गॅरेजात असतो. रेणू नावाची एक मुलगी, म्हणजे मधुबाला, बंद पडलेली गाडी घेऊन येते. तो गाडी दुरुस्त करतो, ती घाईत पैसे न देता निघून जाते. पाच रुपये बारा आणे! थोरल्या भावाला काय सांगायचं, म्हणून हा बिचारा वसुलीला निघतो आणि तिच्याच गाडीत झोपी जातो. पुढे मग प्रेम, खलनायक, मोटारींची शर्यत, सगळं रीतसर येतं. त्यात मी फार शिरत नाही. खलनायकांचं कारस्थान मला सिनेमाचा सगळ्यात पातळ भाग वाटतो.

तिघे भाऊ पडद्यावर आहेत ते खरोखरचेच भाऊ. अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार, खांडव्याचे गांगुली. येत्या ४ ऑगस्टला किशोरकुमारांचा जन्मदिवस. जन्म १९२९ चा. थोरल्या भावाला वाटे, धाकट्याने नट व्हावं. धाकट्याला मात्र गायचं होतं. या सिनेमात दोघांचंही म्हणणं खरं झालं.

मी शाळेत संगीत शिकवते. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे, ती तुम्हाला सांगते. या सिनेमाचा विनोद कानाने केलेला आहे. तबलजी तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा आपण "वाऽ" म्हणतो ना, अगदी तसंच किशोरकुमारांचं वाक्य समेवर येतं, आणि त्याच क्षणी आपल्याला हसू फुटतं. अर्धी मात्रा आधी आलं असतं तर हसू आलं नसतं, अर्धी मात्रा उशिरा आलं असतं तरी नाही. अडखळणं, मध्येच आवाज चढवणं, घाबरून शब्द गिळणं, हे सगळं लयीत आहे. त्या काळी नट बोलायचा एका गळ्याने आणि गाणं सुरू झालं की दुसऱ्याचाच गळा लागायचा. खुद्द किशोरकुमारांच्या बाबतीतही हे घडलं. त्याच १९५८ सालच्या 'रागिणी'मध्ये शास्त्रीय वळणाचं एक गाणं पडद्यावर ते म्हणतात आणि आवाज मोहम्मद रफींचा आहे. 'चलती का नाम गाडी'त मात्र बोलण्याचा आणि गाण्याचा गळा एकच. बोलता बोलता गाणं कधी लागलं ते कळत नाही. शास्त्रीय गाण्याची रीतसर तालीम न घेतलेल्या माणसाची ही लयीची जाण मी वर्गात मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवते.

आता 'एक लडकी भीगी भागी सी'कडे येऊ. संगीत सचिनदेव बर्मन यांचं, शब्द मजरूह सुलतानपुरींचे. भिजलेली मधुबाला उभी आहे. मनमोहनला तिच्याकडे सरळ बघायचा धीर होत नाही, म्हणून तो गाडीकडे बघत गातो आणि हातातल्या अवजारांनी ठोके देतो. आमच्या गॅरेजात मी हा आवाज रोज ऐकला आहे. मडगार्डवर हातोडी पडली की आवाज पसरट येतो, नटवर पाना आपटला की टणक येतो, आणि पत्र्यावर पाऊस असला की दोन्हींच्या खाली एक सूर धरलेला असतो. अण्णाही पोचा काढताना ठेक्यात ठोकायचे. ठेक्यात ठोकलं की हात दुखत नाही, म्हणायचे.

या गाण्याच्या चालीची प्रेरणा 'सिक्स्टीन टन्स' नावाच्या अमेरिकन गाण्याची. ते मर्ल ट्रॅव्हिसने लिहिलं आणि टेनेसी अर्नी फोर्डने १९५५ साली घराघरात पोचवलं. ते आहे कोळशाच्या खाणीतल्या मजुराचं. दिवसभर राबायचं आणि तरी कंपनीच्या दुकानाची उधारी वाढतच जायची, असं त्याचं दुखणं. हे मला खूप उशिरा, कॉलेज संपल्यावर कळलं, आणि मी ते अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तिकडे कामगार देणं लागतो, आणि आपल्या गाण्यात कामगाराचं येणं आहे." बर्मनदांनी हा विचार केला असेल की नसेल, पण एका कष्टाच्या गाण्याची लय दुसऱ्या कष्टाच्या जागी येऊन पोचली, आणि पोचताना हसरी झाली, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि ते दुसरं गाणं! मधुबाला आपल्या रूपाचं वर्णन गात असते आणि हा मध्येच 'पाँच रुपैया बारा आना' मागतो. समोर अप्सरा उभी असली तरी आधी बिल. एक किस्सा सांगितला जातो, की इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकत असताना किशोरकुमारांची कँटीनमध्ये तेवढीच उधारी राहिली होती आणि तोच आकडा गाण्यात आला. तरुण श्रोत्यांसाठी सांगते, बारा आणे म्हणजे पंचाहत्तर पैसे. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सिनेमा आला त्याच्या पुढच्या वर्षी, पण हिशेब मात्र आण्यांतच. लोकांच्या तोंडचे आणे काही एका वर्षात जाणार नव्हते. माझी आजी शेवटपर्यंत "बारा आणे" म्हणायची. आणि मला तर वाटतं, गाण्यालाही 'आना'च हवा होता. त्यातला तो लांब 'आ' तिच्या तराण्याशी, फसान्याशी यमक जुळवतो आणि मागणीला गोडवा देतो. "पंचाहत्तर पैसे" कोण गाणार?

सिनेमा मी पहिल्यांदा अण्णांबरोबर पाहिला, पेठेतल्या एका टॉकीजला, सकाळच्या खेळाला. गॅरेज एक दिवस बंद ठेवून ते आम्हाला घेऊन गेले होते. ती पैसे न देता निघून गेली तेव्हा थिएटरात सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. हसता हसता डोळे पुसत ते मला म्हणाले, "बघ, वहीत नाव लिहून घ्यायचं राहिलं त्याचं!"

मधुबालेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 'हाल कैसा है जनाब का'मध्ये आशाताईंच्या आवाजावर ती जी हसते, ते हसू ठरवून आणलेलं नाही असंच मला दर वेळी वाटतं. समोरचा माणूस काय करील याचा तिलाही अंदाज नसावा. तिचं आणि किशोरकुमारांचं लग्न पुढे १९६० साली झालं. तिचं हृदय जन्मापासूनच दुबळं होतं, आणि २३ फेब्रुवारी १९६९ ला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. हे माहीत असूनही ते गाणं लागलं की मला दुःख होत नाही. तिचं हसू इतकं ताजं आहे.

विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला, आणि काही महिन्यांतच हा सिनेमा आला. माझ्या लहानपणी फळीवरच्या त्या रेडिओतून ही गाणी यायची आणि गॅरेजातले ठोके आपोआप त्यांच्या लयीला लागायचे. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, किशोरकुमारांच्या गाण्यांवर बंदी आली. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात भाग घ्यायला ते तयार झाले नव्हते. मी तेव्हा सातवीत जाणार होते, मला यातलं काही कळत नव्हतं. एवढंच आठवतं, की एका दुपारी अण्णा स्कूटरखालून सरकत बाहेर आले, रेडिओकडे बघितलं आणि म्हणाले, "बरेच दिवस तो आला नाही गं." मग पुन्हा खाली गेले. आणि खालून बारा-तेराच्या पान्याचे ठोके ऐकू यायला लागले, त्याच गाण्याचे. गळा काही बरा नव्हता त्यांचा, पण ठेका एकदाही चुकला नाही.

आता गॅरेज नाही. तो पाना माझ्याकडे आहे आणि ती वहीही. शेवटच्या पानावर एका स्कूटरच्या नंबरापुढे अण्णांनी पेन्सिलीने लिहिलंय, "पावसात आला होता, राहू दे."

निवेदकांनी गाणं तयार ठेवलंय. श्रोतेहो, दोन मिनिटं डोळे मिटा आणि आवाजाआधी ठोके ऐका.