पंचवीसची रेघ

(दृश्य: वजनकाट्यावर चढणारी दोन पावलं)

उंची १७० सेंटिमीटर, वजन ७२ किलो. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि त्यानं वजनाला भागायचं. उत्तर २४.९. हा झाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. २५च्या आत, म्हणजे नॉर्मल.

पण माणूस आशियाई असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियाई लोकांसाठी सावध व्हायची खूण २३वर आणली. काटा तोच, माणूस तोच, नॉर्मलपण मात्र गेलं.

मुळात हे गणित लठ्ठपणासाठी मांडलंच नव्हतं. बेल्जियमचे अडॉल्फ केटले खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रात रमणारे. १८३०च्या दशकात ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलतं, हे त्यांना आकड्यांत दिसलं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव पडलं थेट १९७२मध्ये, अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि सहकाऱ्यांच्या लेखात.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन आकृत्या)

चरबी किती आणि स्नायू किती, हे काट्याला कळत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन यांनी ते स्वतःच्याच शरीरावर दाखवलं. एक भारतीय, एक ब्रिटिश. बीएमआय दोघांचा २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

मग कमरेचा घेर मोजायला टेप आली. ती लावायची कुठे, यावरही एकमत नाही. एका पद्धतीत शेवटची बरगडी चाचपायची, कमरेचं हाड चाचपायचं आणि दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरायची. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. दुसऱ्या पद्धतीत टेप थेट हाडाच्या वरच्या कडेला. बोटभर जागा बदलली की आकडा बदलतो. पोट आत ओढून उभे राहणारे वेगळेच!

मुलांचं तर आणखी अवघड. वाढत्या वयात एकच आकडा चालणार कसा? म्हणून २०००मध्ये ब्राझील, ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलँड्स, सिंगापूर आणि अमेरिका इथल्या मुलांच्या मोजमापांवरून दर वयाची मर्यादा काढली. तीही उलट्या बाजूनं: वयानुसार बदलणाऱ्या बीएमआयची वक्ररेषा अठराव्या वर्षी २५ (जास्त वजन) आणि ३०वर (लठ्ठपणा) पोचली पाहिजे, मग मागे मागे जायचं. थोडक्यात, पाच वर्षांच्या पोरालाही मोजायचं ते मोठ्यांच्याच रेघेवरून.