दुखतं टाचेत, सुई पोटरीत

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकलं, की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून, चवड्यावर लंगडत न्हाणीघरापर्यंत पोचलं की ती ओसरते. मग बराच वेळ बरं असतं. दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा तेच. तुमचं दुखणं असंच असेल, तर हे भाषण तुमच्यासाठी आहे. या दुखण्याला डॉक्टर प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात आणि हल्ली त्यावर ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध नसलेल्या कोरड्या सुईचा उपचार बऱ्याच ठिकाणी होतो.

आधी एक करून बघा. बसल्या जागी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. टाचेच्या तळाला, मधोमध नाही, थोडं पुढे आणि आतल्या कडेला अंगठ्याने दाबा. याच ठिकाणाहून एक जाड, चिवट पट्टा निघतो आणि तळव्यातून पुढे जाऊन बोटांच्या मुळाशी पसरतो. आता पायाचा अंगठा दुसऱ्या हाताने वर, नडगीकडे ओढा. तळव्यात तारेसारखं काहीतरी ताणलेलं लागेल. तोच तो पट्टा. चालताना टाच उचलली गेली आणि बोटं वर वळली, की विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. हिक्स यांनी १९५४ साली हे कार्य मांडलं, आणि त्यांनी दिलेलं नावही रहाटावरूनच आहे.

या पट्ट्याला सूज येते असं समजून नावाला ‘आयटिस’ जोडलं गेलं. पण २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाह दिसला नाही. झीज दिसली, विस्कटलेले धागे दिसले. जुन्या टाचदुखीत सूज उतरवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही फरक पडत नाही, त्याचं एक कारण हे. आणि ‘टाचेचं हाड वाढलंय’ हे वाक्य एक्स-रे पाहून घरोघर ऐकू येतं, त्याबद्दलही सांगायला हवं. तसं वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या टाचांमध्येही सर्रास सापडतं. सुईने ते विरघळत नाही, आणि विरघळवायची गरजही नसते.

मग सुई टोचायची कुठे? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. दुखतं टाचेत, पण सुया जास्त करून पोटरीत आणि तळव्याच्या स्नायूंत जातात.

कारण असं. पोटरीचे दोन मोठे स्नायू एकाच जाड स्नायुबंधाने टाचेच्या हाडाला मागून धरून असतात. ते आखडलेले असले की घोटा पुढे नीट वाकत नाही, टाच वेळेआधी उचलली जाते आणि भार पुढच्या पट्ट्यावर येतो. शिवाय पोटरीच्या आतल्या थरातला स्नायू, सोलियस, याच्यात घट्ट, दाबल्यावर दुखणारी गाठ असेल तर तिची कळ खाली टाचेत जाणवते. अशा गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टरांनी त्यांचे नकाशे तयार केले. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य झाल्या. त्या गाठीत औषध टोचत. १९७९ साली चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी दाखवलं, की औषध नसलं तरी नुसत्या सुईने आराम पडतो. ‘कोरडी’ हे नाव त्या वेगळेपणातून आलं. सुई ॲक्युपंक्चरचीच असते, ती कुठे टोचायची याचा हिशेब वेगळा.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की ट्रिगर पॉइंट हा विषय वादातीत नाही. एकाच पोटरीवर दोन तज्ज्ञांची बोटं एकाच गाठीवर थांबतीलच असं नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. तुम्हाला पालथं झोपवतात, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात म्हणजे पोटरी सैल पडते. थेरपिस्ट पोटरीचा आतला भाग बोटांनी चाचपतो. घट्ट दोरीसारखा धागा लागला आणि त्यावर दाबल्यावर ‘हो, हेच ते टाचेतलं दुखणं’ असं तुमच्या तोंडून निघालं, की जागा सापडली. स्पिरिटने कातडी पुसतात. सुई ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची, भरीव. रक्त तपासायला वापरतात ती सुई साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरची आणि पोकळ असते, म्हणजे जाडीत दुपटीहून अधिक. लांबी पोटरीसाठी ४० ते ५० मिलिमीटर, तळव्यासाठी त्याहून कमी. प्लॅस्टिकच्या बारीक नळीत बसलेल्या सुईच्या मुठीवर टिचकी मारतात. टोक कातडीतून आत गेलेलं अनेकांना कळतही नाही. मग नळी काढून सुई हळूहळू स्नायूत नेतात, किंचित मागे घेतात, पुन्हा पुढे.

आणि मग एकदम स्नायू उडतो. गळाला लागलेल्या माशाने झटका द्यावा तसा, क्षणभर, तुमच्या मनाविरुद्ध. त्यापाठोपाठ एक खोल, बोथट ठणका. हा झटका म्हणजे सुई घट्ट धाग्यापर्यंत पोचल्याची खूण मानतात. तो आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं मात्र नाही, आणि तो आलाच पाहिजे म्हणून दहा-दहा वेळा खुपसत राहणारा हात चांगला नव्हे. दुसऱ्या दिवशीचं दुखणं तिथेच वाढतं.

सोलियससाठी कुशीवर वळवून आतल्या कडेने सुई घालतात. त्या स्नायूच्या पुढच्या बाजूला, खोलवर, पायाची मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, आणि धमनी जाते. म्हणून सुईची दिशा आणि खोली इथे फार महत्त्वाची. वीज चमकल्यासारखा झटका थेट तळव्यात गेला, तर लगेच ‘थांबा’ म्हणायचं. ती नस असते. तळव्यातल्या स्नायूंसाठी सुई शक्यतो तळातून न घालता पावलाच्या आतल्या कडेने, टाचेच्या जरा पुढून आडवी घालतात. तळव्याची कातडी जाड आणि अतिशय हळवी असते, तिथून टोचलेलं फार झोंबतं. घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागची जागा मात्र टाळायची, कारण नस आणि धमनी तिथून वळून तळव्यात शिरतात.

सुया साधारण ५ मिनिटं ठेवतात. मग काढून जागेवर कापूस दाबतात. एकेक सुई एकदाच वापरायची आणि लगेच धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची. पाकीट तुमच्यासमोर फुटलं का, एवढं बघायला संकोच कशाला?

उपयोग किती होतो? ऑस्ट्रेलियात ८४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना खरी सुई, अर्ध्यांना आत न जाणारी खोटी सुई, आठवड्याला एकदा, ६ आठवडे. खऱ्या सुईने सकाळच्या पहिल्या पावलाची कळ जास्त कमी झाली, १०० च्या मोजपट्टीवर सुमारे १४ ने. पण रुग्णाला ठळक जाणवावा असा फरक १९ चा मानला होता. म्हणजे सरासरी फायदा खरा, पण बेताचा. काहींना मात्र सरासरीपेक्षा बराच जास्त झाला. आणि खऱ्या सुईच्या ३२ टक्के भेटींमध्ये टोचताना दुखणं, नंतर ठणकणं, काळंनिळं होणं असे किरकोळ त्रास झाले. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत या उपचाराची शिफारस नव्हती. २०२३ च्या आवृत्तीत ती आली, आणि तीही पोटरी व तळव्याच्या स्नायूंसाठी. जो कोणी ‘एका सुईत टाच मोकळी’ म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का, असाही प्रश्न येतो. त्याने काही आठवडे चांगला आराम मिळतो, पण तो टिकत नाही. आणि वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. कोरड्या सुईत तो धोका नाही. तिचे धोके वेगळे आहेत. उपाशीपोटी आलेल्या माणसाला भोवळ येते, म्हणून थोडं खाऊन यावं आणि पहिल्या वेळी झोपूनच घ्यावं. कधीकधी पोटरीत गोळा येऊन स्नायू सुईला धरून ठेवतो, सुई निघत नाही. ओढाताण करायची नाही. दोन-तीन मिनिटं थांबायचं, आजूबाजूला हलकं चोळायचं, सैल पडली की ती सहज येते. नंतर १ ते २ दिवस व्यायामानंतर दुखतं तसं अंग दुखतं. त्याहून जास्त टिकलं, पोटरी लाल, गरम झाली, सुजली किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर आधी सांगा. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्या माणसाच्या तळव्यात सुई नको. तिथली जखम कळत नाही आणि भरतही नाही. हत्तीरोगाने पाय सुजलेला असेल, विदर्भात असे रुग्ण बरेच आहेत, तर त्या पायातही नको.

सगळीच टाचदुखी ही नसते, हेही लक्षात असू द्या. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जीव जात असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. जळजळ आणि मुंग्या असतील, तर नस दबलेली असू शकते. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास धरलेली असते, चालल्यावर सुटते, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तिथे सुई घेत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

सुईने पोटरी सैल पडते, पण झिजलेला पट्टा बळकट होत नाही. ते काम भाराचं. अंथरुणातून उठण्याआधीच पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढून धरा, १० पर्यंत मोजा. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. पहिलं पाऊल त्यानंतर टाका. आणि एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहा. एक टॉवेल गुंडाळून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि पट्टा ताणला जाईल. टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एका दमात जेमतेम १२ वेळा जमेल इतका भार, असे ३ संच. दोन पायांवर सोपं झालं की एका पायावर, मग पाठीवर पुस्तकांची पिशवी. २ आठवड्यांनी भार वाढवून १० वेळांचे ४ संच, आणखी २ आठवड्यांनी ८ वेळांचे ५. डेन्मार्कमध्ये या पद्धतीचा अभ्यास झाला तेव्हा ३ महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा फायदा जास्त दिसला. पहिल्या पंधरवड्यात मात्र फारसं काही जाणवत नाही, आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात.

घरात लादीवर अनवाणी फिरणं काही महिने बंद. मऊ, टाचेला थोडी उंची असलेली चप्पल घरातही घाला. सपाट, झिजलेली कोल्हापुरी तेवढे दिवस कपाटात. वारीला जायचं असेल तर चालण्याचा सराव दोन महिने आधीपासून थोडा थोडा वाढवत न्या. वर्षभर न चाललेल्या पावलांनी आळंदीहून थेट पंढरपूर गाठायला निघालं, की टाच वाटेतच बोलायला लागते.

आणि एक हिशेब ठेवा. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ १० पैकी किती, तो आकडा रोज भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. सुई आठवड्याला एकदा, एकूण ४ ते ६ वेळा पुरते. तीन वेळा सुई घेऊनही आकडा ७ चा ७च राहिला असेल, तर चौथ्या वेळेचे पैसे भरू नका. निदान पुन्हा तपासायला सांगा.