आठवतं का, असं विचारू नका

(सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

लोकांबरोबर बसून त्यांच्याच बोलण्यातून गोष्टी रचायच्या, अशा कार्यशाळा मी घेते. त्यातली पहिली एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. खुर्च्या रांगेत, पुढे टेबल, टेबलावर माईक. समोर पंचवीसेक वयस्क बायका. मी म्हटलं, "लहानपणची एखादी आठवण सांगा." कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी मागून एकीने विचारलं, "काय सांगूचा?" मला वाटलं, लाजतायत. पण तो खरा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. माईक पुढे करून आठवण मागितली की ती परीक्षा होते. परीक्षेत नापास होण्यापेक्षा माणूस गप्प बसणं पसंत करतं.

पुढच्या खेपेला खुर्च्या काढल्या आणि पडवीत चटया घातल्या. आठच जणी. प्रत्येकीच्या हातात पानाचा एक द्रोण दिला, वर दुसरं पान झाकलेलं. आत मूठभर पेंढा होता, आंब्याच्या आढीतला. डोळे मिटा आणि वास घ्या, एवढंच सांगितलं. मग मी गप्प बसले. गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात कठीण भाग आहे. मला अजूनही मनात आकडे मोजावे लागतात. तीस-चाळीस मोजून झाले असतील, तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "ह्यो वास माळ्यावरचो." दुसरी म्हणाली, माळ्यावर जायची शिडी तिसऱ्या पायरीला मोडलेली होती. मग ती शिडी कोणी मोडली यावरून पडवीत जो गोंधळ उडाला, त्यातून आमची पहिली गोष्ट झाली.

वासाने असं का होतं? दिसलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या टप्प्यावरून पुढे जातं. वासाची वाट वेगळी आहे. नाकाकडून निघालेला संदेश आधी या टप्प्यावर न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडतो. म्हणून नाव सुचायच्या आधी घर समोर उभं राहतं. पण नाक लवकर थकतं, हेही लक्षात ठेवा. एका बैठकीत तीन वासांपलीकडे जाऊ नका. तिरफळ, कोकमाची वाळलेली सोलं आणि हळदीचं पान, एवढ्यावर दीड तास सहज निघतो. सुरंगीच्या दिवसांत सुरंगीच्या फुलांचा एक वळेसर, म्हणजे गजरा, आणलात, तर दुसरं काही लागतच नाही.

मात्र आधी विचारून घ्या. मी एकदा मच्छीमार वस्तीत जुनं जाळं घेऊन गेले होते. काथ्या, शिशाच्या गोळ्या, खारट वास. मला ते फार सुंदर वाटत होतं. जाळं हातात आल्यावर एक बाई उठून निघून गेली. तिचा माणूस समुद्रावरून परत आला नव्हता, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आदल्या दिवशी जाऊन दोन-तीन घरांत चहा घेते आणि काय आणायचं नाही ते विचारते. शिवाय मध्यभागी एक रिकामी परडी ठेवते. जे नको वाटेल ते कोणीही न बोलता त्यात टाकावं, कारण विचारायचं नाही. विशेष मुलांच्या गटात ही परडी सगळ्यात आधी लागते. एखाद्या मुलाला फणसाच्या गऱ्याचा बुळबुळीतपणा सहनच होत नाही. त्याला जांभ्या दगडाचा खडबडीत तुकडा द्या, तो तासभर त्यावर बोटं फिरवील.

काजूची कच्ची बी मात्र कधीही देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. आपल्याला हे माहीत असतं, पण बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला माहीत नसतं.

रंगांसाठी दुकानात जायची गरज नाही. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस कागदावर लावा, लाल उमटतो. त्यावर साबणाचं पाणी सोडलं की तो निळसर-हिरवट होऊ लागतो. हळदीवर तेच पाणी पडलं की ती लालसर होते. चुन्यानेही होतं, पण चुना मुलांच्या हाती नको. रंग बदलला की मुलं स्वतःच विचारतात, "आता काय झालं?" गोष्टीला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्यांची स्मृती विरत चालली आहे, अशा वृद्धांबरोबर आपण काय करतो? फोटो दाखवतो आणि विचारतो, "हे कोण, आठवतं का?" त्यांना आठवत नाही आणि त्यांचा चेहरा पडतो. अमेरिकेत मिलवॉकी इथे ॲन बास्टिंग यांनी १९९८ मध्ये 'टाइमस्लिप्स' नावाची पद्धत सुरू केली. त्यात आठवण मागतच नाहीत. एखादं चमत्कारिक चित्र दाखवतात, याला काय म्हणूया, हा कुठे निघालाय, असं विचारतात, आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहून सगळ्यांना वाचून दाखवतात. चूक उत्तर नसतंच. हे वाचलं तेव्हा मला आपलं दशावतार आठवलं. तिथे तरी लिहिलेले संवाद कुठे असतात? आख्यान ठरतं, सोंगं ठरतात आणि बोलणं रंगमंचावर उभं राहतं. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही मला फार जवळची वाटते. ठाकर कलावंत पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि कथा गात पुढे नेतात. ती कला टिकवून धरणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या गटांच्या गोष्टी आम्ही तशाच सुट्या पानांवर ठेवतो. पानं सुटी असली की क्रम बदलता येतो, मध्येच नवीन पान घालता येतं.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घालतात ते मागणं. गाऱ्हाण्याला आपल्याकडे मान आहे, म्हणून गावच्या मानकऱ्यांना विचारूनच मी त्याची रीत घेतली. देवाचं नाव घेत नाही. फक्त प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एका वृद्धाश्रमात एक आजोबा हे नेहमी भलत्याच जागी म्हणायचे. मी वाचत होते, "बैल विहिरीत पडलो..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत आजोबा, "व्हय म्हाराजा!" सगळे थांबले. मग एक आजी म्हणाल्या, "म्हणजे बैल बोललो!" त्या क्षणापासून आमचा बैल विहिरीतून बोलायला लागला आणि गोष्ट तीन आठवडे चालली. मी आजोबांना "थांबा हं, अजून नाही" म्हटलं असतं तर?

लिहून घेणाऱ्यांना माझी हात जोडून एक विनंती. माणूस मालवणीत बोललं तर मालवणीतच लिहा. एकदा मी "पडलो" खोडून "पडला" केलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "ह्यां माजा न्हय." त्यांचं खरं होतं. पान त्यांच्या नावाने लागायचं असेल तर शब्दही त्यांचेच हवेत. आणि ते पान भिंतीवर लावायचं की घरी न्यायचं की फाडून टाकायचं, हेही त्यांनीच ठरवायचं. कार्यशाळेचा अहवाल भरताना आपण हे सोयीस्कर विसरतो, म्हणून सांगते.

त्या पडवीतल्या आठ जणी अजून भेटतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं नाही. नंतर फोनवर एका पानाचा फोटो आला. तीच शिडी, पण आता तिच्या तिसऱ्या पायरीवर एक मुलगी बसलेली, हातात अर्धा आंबा. खाली वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं: "शिडी मीच मोडलंय. कोणाक सांगा नको." त्या गटात लिहिता येत नाही म्हणणाऱ्या तिघी होत्या. हे अक्षर कोणाचं, ते मी विचारलेलं नाही.