दार उघडणाऱ्यांचाच सर्व्हे

मित्रांनो, झोपडपट्टीतून हलवलेल्या माणसांच्या पुनर्वसनाच्या इमारतींत काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. शिवणवर्गाला इतक्या बायका, शिबिराला इतकी माणसं, बालवाडीत इतकी मुलं. सोसायटीच्या ऑफिसात रजिस्टर असतं, त्यातल्या सह्या मोजल्या की झाला आकडा तयार. एकच बाई शिवणवर्गाला येते, बचत गटाला येते आणि शिबिरात बीपीही तपासून घेते. अहवालात तिच्या तीन लाभार्थी होतात. हे आकडे खोटे नाहीत. काम किती झालं ते त्यातून कळतं. त्या बाईच्या घरात काय बदललं ते कळत नाही, आणि निधी देणाऱ्यांनाही ते जाणून घ्यायची फारशी घाई नसते.

अहमदाबादचं उदाहरण घ्या. १९८७ साली तिथे ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या सभासद, विडी वळणाऱ्या बायकांसाठी घरांची सोडत काढली गेली. घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. सोडतीचा फायदा असा की नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या बायका मुळात सारख्याच परिस्थितीतल्या. फरक फक्त चिठ्ठीचा. त्यामुळे घर मिळालं नसतं तर काय झालं असतं, हे नंबर न लागलेल्यांकडे बघून सांगता येतं. अर्थतज्ज्ञ रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ वर्षांनंतरच्या परिस्थितीची तुलना केली. घर सुधारलं होतं. पण कुटुंबाच्या उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या परिस्थितीतही नाही. उलट नात्यागोत्यातली, जातभाईंमधली ऊठबस तुटली आणि अडीनडीला मिळणारा आधार कमी झाला.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. नंबर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेल्याच नाहीत आणि ३२ टक्के जाऊन नंतर बाहेर पडल्या. म्हणजे तीनातली एकच उरली. आता समजा, आपण त्या वसाहतीत जाऊन कड्या वाजवल्या असत्या. दार कोणी उघडलं असतं? जिला तिथे जमलं तिने, किंवा तिच्याकडून खोली घेतलेल्या नव्या माणसाने. आणि आपण लिहिलं असतं, ‘रहिवासी समाधानी’. आपल्याकडचे बहुतेक सर्व्हे असेच होतात, तेही दुपारी, कामावर गेलेली माणसं घरी नसताना.

याचा अर्थ घर देऊन काही होत नाही, असा घेऊ नका. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत नंबर लागलेल्यांचा असाच तुलनात्मक अभ्यास झाला आहे. त्यांच्याकडे शिक्षण आणि नोकरीत सुधारणा दिसली. स्थानिक कामांसाठी पाठपुरावाही ते जास्त करत होते. पण म्हाडाचा अर्जदार आपण होऊन अर्ज भरतो, आणि घर भाड्याने देऊन आहे तिथेच राहायची सोयही त्याला असते. प्रकल्पासाठी उठवलेल्या झोपडीवाल्याला ती निवड कुठे असते?

दुसरी गोष्ट, काय मोजायचं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधल्या अभ्यासात ऊन आणि वारा कमी पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. तिथल्या क्षयरोग शिबिराचं यश किती जणांनी थुंकीचे नमुने दिले यावर मोजलं, तर ऊन-वारा अडवून रोगाला हातभार लावणारी समोरची भिंत मोजणीत येतच नाही. निदान फॉर्मवर मजला लिहा! एका रकान्याचं तर काम आहे.

आणि एक प्रश्न घाला: रात्री अकरा वाजता पोराला दवाखान्यात न्यायचं झालं, तर पैसे कोणाकडून उसने घ्याल? राहायला आल्यावर विचारा, वर्षाने पुन्हा विचारा. उत्तरात शेजारीण आली, तर वसाहत रुजते आहे. जुन्या वस्तीतल्या मामाचंच नाव येत राहिलं, तर तुमच्या महिला मंडळाच्या सह्यांनी हुरळून जाऊ नका.

हे सगळं खर्चिक आहे, असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. ताबा मिळाल्या दिवसाची यादी तीच कायमची यादी धरा. प्रत्येकाचा आणि एका नातेवाइकाचा फोन नंबर घ्या. खोली सोडलेल्यालाही वर्षाने फोन करा. अभ्यासिकेत जागा तीस आणि अर्ज साठ आले, तर ओळखीच्यांना घेण्यापेक्षा चिठ्ठ्या काढा, म्हणजे तुलना आपोआप मिळते. मुलांवर प्रयोग करता का, असा आक्षेप येतो. पण तीस जणांना तसंही परत पाठवायचंच होतं. चिठ्ठी काढली तर निदान वशिला लागत नाही. त्यांना पुढच्या तुकडीत घ्या, आणि तोवर त्यांच्याही मार्कांची नोंद ठेवा.