अस्वल रात्री अडीचला बोललं

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता माझ्यासमोर, मायक्रोफोनच्या अगदी शेजारी, एक कापडी अस्वल बसलंय. वीतभर उंचीचं, तपकिरी, एक कान अर्धा उसवलेला. माझ्या भाच्याचं हे खेळणं. पोट दाबलं की खुदकन हसतं आणि म्हणतं, "माझ्याशी खेळ ना!" म्हणजे म्हणायचं. एका रात्री अडीच वाजता, घर गाढ झोपेत असताना, खेळण्यांच्या टोपलीतून आवाज आला. नेहमीचा चिवचिवता नव्हे. जाड, ओढलेला, घशातून निघाल्यासारखा. "मा...झ्या...शी..." आणि पुढे नुसतीच घरघर.

दिवा लावला. भाऊ, वहिनी आणि मी, तिघंही टोपलीपासून चार हात लांब उभे. हात घालायला कोणी पुढे होईना. ज्याचं अस्वल तो मात्र मजेत झोपला होता. वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, ते आधी बाहेर काढा." मी थोरली, तेव्हा काम माझ्याकडे आलं. मेलेला उंदीर उचलावा तसं मी ते दोन बोटांत धरलं, बाल्कनीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. वर कडीही घातली. कापडी अस्वलाला कडी!

सकाळी उजेडात धीर आला. पाठीची शिवण चिकटपट्टीने बंद होती, ती उघडली. आत प्लॅस्टिकची डबी, तिला एक बारीक स्क्रू, आणि झाकणाखाली तीन सेल. त्यातल्या एकाच्या टोकाला पांढरी पूड साचलेली. सेल जुना झाला की आतला क्षार झिरपतो आणि हवेत सुकून त्याची अशी पूड होते. (ती उघड्या हाताने पुसू नका, त्वचेला झोंबते.) सेल उतरले की अशा स्वस्त खेळण्यातल्या आवाजाच्या चिपची चाल मंदावते. जो आवाज एका सेकंदात निघायचा त्याला दोन लागतात, म्हणून तो खोल आणि घोगरा होतो. रात्री हवा गार होते, सेलचा विद्युतदाब आणखी थोडा खाली जातो, चिप गोंधळून बंद पडते, पुन्हा चालू होते आणि कोणी पोट दाबल्याचा तिला भास होतो. भास तिला झाला आणि घाम आम्हाला फुटला.

खेळण्यांत नकारात्मक ऊर्जा असते असं हल्ली फार ऐकू येतं. ऊर्जा हा शब्द मला आवडतो, कारण ती मोजता येते. आमच्या अस्वलात दीड-दीड व्होल्टच्या तीन सेलांपुरती ऊर्जा होती. आणि ती पूड साचली होती सेलच्या ऋण टोकाला. तेव्हा नकारात्मक म्हणायचंच असेल, तर माझी हरकत नाही.

पण एवढ्याने माझं समाधान झालं नाही. सेलचं गणित आम्हा तिघांनाही आदल्या रात्री ठाऊक होतंच की. मग हात पुढे का होईना?

तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं, तेव्हा आवाजाचीच एक गोष्ट सांगते. 1890 साली थॉमस एडिसनने बोलणारी बाहुली बाजारात आणली. बावीस इंच उंच, पत्र्याचं धड, चिनीमातीसारखं डोकं, आणि पोटात चिमुकला फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र. पाठीला एक दांडी. ती फिरवली की बाहुली बडबडगीत म्हणायची. त्या काळी एका ध्वनिमुद्रणावरून दुसरं काढायची सोय नव्हती. म्हणून कारखान्यात कामाला ठेवलेल्या मुली ओळीने बसून तेच गीत पुन्हा पुन्हा, दर बाहुलीसाठी नव्याने, ओरडून म्हणायच्या. बाहुल्या जेमतेम काही आठवडे विकल्या गेल्या. यंत्र नाजूक होतं, आवाज ज्यावर कोरलेला असायचा ते मेण झिजायचं, तक्रारी येऊ लागल्या, आणि एडिसनने तो नाद सोडला. सव्वाशे वर्षांनी संशोधकांनी त्यातली काही मुद्रणं सुई न टेकवता, नुसत्या प्रकाशाने वाचून काढली. 2015 मध्ये ती सर्वांना ऐकायला खुली झाली. मी ऐकली आहेत. कर्कश, घाईने म्हटलेले शब्द, मागे खरखर, आणि मध्येच एक किंचाळीसारखा सूर. रात्री एकटीने ऐकवणार नाहीत. आणि प्रत्यक्षात काय आहे ते? कामाच्या वेळात जीव तोडून बडबडगीत म्हणणारी एक तरुण मुलगी. तिचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आवाजासारखीच डोळ्यांची गत. जुन्या बाहुल्या आडव्या केल्या की डोळे मिटायच्या. डोळ्यांच्या मागे आडवी तार आणि तिला खाली लोंबणारं छोटं वजन, बस्स. हे वजन गंजलं किंवा अडकलं, की एक डोळा मिटतो आणि दुसरा टक्क उघडा राहतो. किंवा बाहुली कपाटात कलंडून पडते, कपाट कुणीतरी हलवतं, आणि मिटलेला डोळा अचानक उघडतो. अर्न्स्ट येंच या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1906 मध्येच लिहून ठेवलंय की समोरची वस्तू जिवंत आहे की निर्जीव, याचा निकाल लागत नाही तेव्हा माणूस अस्वस्थ होतो. पुढे 1970 मध्ये जपानच्या मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवांविषयी तेच निराळ्या तऱ्हेने मांडलं. वस्तू माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते, पण जवळजवळ माणूस आणि तरीही माणूस नाही अशा टप्प्याला आली की आवड एकदम दरीत कोसळते. दोन ठिपके आणि एक रेघ दिसली तरी आपला मेंदू तिथे चेहरा बघतो. मग काचेचे डोळे, खऱ्या केसांच्या पापण्या आणि किंचित उघडे ओठ पाहून तो गप्प कसा बसेल?

झपाटलेली म्हणून जगभर नाव झालेल्या बाहुल्यांत माझ्या मते सगळ्यात मनोरंजक आहे तो रॉबर्ट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला "की वेस्ट" नावाचं बेट आहे. तिथल्या ईस्ट मार्टेलो किल्ल्यातल्या संग्रहालयात तो काचेच्या पेटीत बसलेला असतो. खलाशी मुलाचा पांढरा पोशाख, मांडीवर छोटा कापडी कुत्रा, आणि चेहरा इतका झिजलेला की भाव कळू नये. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीत 1904 च्या सुमाराला तो तयार झाला. ही बाहुली खेळायला म्हणून नव्हे, दुकानाच्या दर्शनी खिडकीतल्या देखाव्यासाठी बनवली असावी असं मानतात. ती रॉबर्ट युजीन ऑटो या मुलाकडे आली. मुलाने आपलंच नाव तिला दिलं, आणि घरात काही फुटलं, सांडलं की म्हणायचा, मी नाही, रॉबर्टने केलं. आता मला सांगा, असं म्हणणारं पोर कोणाच्या घरात नाही? हा मुलगा मोठा होऊन चित्रकार झाला, 1974 मध्ये वारला, आणि 1994 मध्ये बाहुली संग्रहालयात आली.

या कथेचं एक रूप असंही सांगतात की घरातल्या दुखावलेल्या मोलकरणीने बाहुलीवर जादूटोणा केला. याला पुरावा कसलाच नाही. पण बघा, शापाचं खापर फोडायला घरातला सगळ्यात गरीब माणूस नेमका सापडतो. मला बाहुलीपेक्षा या गोष्टीची जास्त भीती वाटते.

आता गंमत ऐका. रॉबर्टचा फोटो काढायच्या आधी त्याची परवानगी मागायची असा तिथला रिवाज आहे. न मागता काढला आणि नंतर गाडी बिघडली, नोकरी गेली, पाय मुरगळला, तर लोक घरी जाऊन त्याला माफीचं पत्र लिहितात. अशी पत्रं संग्रहालयात येतच असतात, आणि पेटीच्या आसपास लावलेलीही असतात. नवीन पाहुणा ती वाचतो, मग त्याची बस चुकते, आणि तोही कागद-पेन घेऊन बसतो. ज्यांचं काहीच बिघडलं नाही ते कशाला पत्र लिहितील? "प्रिय रॉबर्ट, फोटो काढला, सुखरूप घरी पोचलो" असं पत्र कोणी टाकत नाही.

झपाटलेली म्हणून गाजलेल्या ॲनाबेल या दुसऱ्या बाहुलीचंही तसंच. सिनेमात दिसते ती भेसूर, चिनीमातीच्या चेहऱ्याची बाहुली. खरी ॲनाबेल म्हणजे लाल लोकरीचे केस आणि त्रिकोणी नाकाची साधी चिंध्यांची बाहुली, अमेरिकेतल्या लाखो मुलांनी कुशीत घेऊन झोपावं अशी. एड आणि लोरेन वॉरन या भुताखेतांचा शोध घेत फिरणाऱ्या जोडप्याने तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटी अजिबात उघडू नका अशी पाटी लावली. पाटी काढून तीच बाहुली टोपलीत टाका, कोणी वळून बघणार नाही.

पाटीत किती जोर असतो? पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. समोर दोन रिकाम्या बाटल्या. दोन्हींत लोकांच्या डोळ्यांदेखत साखर ओतली. मग त्यांनाच दोन चिठ्ठ्या दिल्या, एक "साखर" आणि एक "सायनाइड", आणि वाटेल त्या बाटलीवर वाटेल ती चिकटवा म्हणून सांगितलं. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावली, आत साखर आहे हे डोळ्यांनी पाहिलं, तरी सायनाइडची चिठ्ठी असलेल्या बाटलीतली साखर घ्यायला लोक कचरले. आमचं अस्वल त्या रात्री अशीच चिठ्ठी लावलेली बाटली झालं होतं.

जपानच्या ओकिकू नावाच्या बाहुलीची गोष्ट थोडक्यात सांगते. होक्काइदो बेटावर इवामिझावा इथे मान्नेनजी नावाचं मंदिर आहे. तिथल्या बाहुलीचे केस वाढतात अशी ख्याती. 1918 मध्ये एका भावाने धाकट्या बहिणीसाठी ती आणली, बहीण लहानपणीच गेली, आणि बाहुलीचे केस वाढू लागले, असं सांगतात. जुन्या बाहुल्यांना खरे केस लावायचे. लांब केस मधोमध दुमडून डोक्यात चिकटवायचे. गोंद सैल झाला की केसाचं एक टोक आत सरकतं आणि दुसरं लांबतं. असं होणं शक्य आहे एवढंच मी म्हणते. पण बहीण गेल्यावर तिच्या बाहुलीचे वाढलेले केस बघत बसणारं ते घर डोळ्यांसमोर आलं, की गोंदाबद्दल बोलायला जीभ रेटत नाही.

कारण खेळण्यात कुणीतरी आहे असं मानणं हे फक्त भित्र्यांचं काम नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन पेट्या, त्यांवर दिवे आणि बटणं. मुलांना सांगितलं की हे नक्कल करायचं यंत्र आहे, एका पेटीत वस्तू ठेवली की दुसरीत हुबेहूब तशीच तयार होते. साध्या खेळण्याची नक्कल मुलं आनंदाने घेत. पण ज्यांना आपल्या एखाद्या बाहुलीशिवाय झोप येत नसे, त्यांतली काही मुलं ती पेटीत ठेवूच देईनात. ज्यांनी ठेवली त्यांतल्या बहुतेकांना परत आपली तीच हवी होती. नवी तशीच होती की! तोच रंग, तीच शिवण. पण "ती" नव्हती. ती म्हणजे काय, हे त्या वयाच्या पोराला सांगता येणार नाही. मलाही येत नाही. मात्र बाहुलीत भूत बघणारा आणि जुन्या बाहुलीला कवटाळून झोपणारा, दोघंही तिच्या आत भुशापेक्षा आणखी काहीतरी आहे असंच धरून चाललेले असतात.

हे जपानी लोकांना फार पूर्वी उमगलं असावं. वाकायामाजवळच्या कादा गावात आवाशिमा देवस्थान आहे. नको झालेल्या बाहुल्या लोक तिथे आणून देतात. आवारात हजारो बाहुल्या ओळीने बसलेल्या असतात. दर वर्षी 3 मार्चला त्यांतल्या काही होडीत घालून समुद्रात सोडतात. इतके दिवस सोबत केलीत, आता निरोप. वस्तू टाकून द्यायच्या या रीतीपुढे माझी ती बाल्कनीची कडी मला फार ओशाळवाणी वाटली.

खेळण्यात भिण्यासारखं काहीच नसतं असं मात्र समजू नका. बटणाएवढे चपटे सेल मुलाने गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. असा नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठा. जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या काडी लागताच भडकतात. मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या बाहुलीच्या अंगावर चिकट थेंब येतात. तिला घाम फुटत नसतो, प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेलकट रसायन बाहेर येत असतं. आणि 2017 मध्ये जर्मनीच्या सरकारी नियामकाने कायला नावाच्या बाहुलीवर खरोखरच बंदी घातली, पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. इंटरनेटला जोडलेली ही बाहुली मुलांचं बोलणं ऐकून बाहेर पोचवू शकत होती. घरात कोणीतरी अदृश्य बसून ऐकतंय, ही तक्रार तिच्याबाबतीत तरी खरी होती.

आमच्या अस्वलाचे सेल मी काढून टाकले. भाच्याला सांगितलं, आता ते बोलणार नाही. त्याने पोट दाबून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आत्या, झोपलंय ते." आज कार्यक्रमापुरतं मागून आणलंय, रात्रीच्या आत परत द्यायचं कबूल करून.

मघाशी ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या आधी काचेपलीकडच्या ताई आत आल्या. वीस वर्षं या खोलीत आवाज तपासताहेत. त्यांनी माझं भाषण वाचलं होतं, सेलचं, स्क्रूचं, पांढऱ्या पुडीचं, सगळं. मायक्रोफोन सरळ करता करता त्यांनी विचारलं, "सेल नक्की काढलेत ना?"

"काढलेत."

"बरं." दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "मग त्याचं तोंड जरा तुमच्याकडे करून ठेवता? माझ्याकडे बघतंय ते."

म्हणून ते आत्ता माझ्याकडे बघत बसलंय. नमस्कार.